घणाच्या तुमच्या बाजूनं

अवो, तुमच्या तेराव्याच्या पंगती उठल्या न्हाईत तोच बाळू भावजींनी मला चुलीपाशी गाठलं. "वहिनी, हवेच्या घणाला गिऱ्हाईक लागलंय. कनेरगाव नाक्याचा पाव्हणा हाय. मी शब्द देऊन बसलो." माझ्या हातात वरणाचं भांडं. मी म्हणलं, "भावजी, लोकाईला हात तर धुऊ द्या." तुमचा धाकटा भाऊ, तुमीच खांद्यावर खेळवलेला. मान खाली घालून म्हणतो कसा, "तसं न्हाई वो, पण आता तो चालवणार कोण?"

हे 'चालवणार कोण' मी तवापासून ऐकून राहिले. हट्ट्याहून पोरगी आली व्हती, तिनंबी तेच विचारलं, वरून म्हणली, "आई, तू चल माझ्याकडं." समोरचा चहावाला, ज्याचे कप आपल्या घणाच्या हादऱ्यानं फळीवरून चालत जाऊन खाली पडायचे, त्यानंबी तेच विचारलं. त्याला तर आनंदच झाला आसंल मनातून. सगळ्याईला वाटतं, मी पदर डोळ्याला लावून गप बसावं. मला रडू येतं, येत न्हाई असं न्हाई. पण ह्या प्रश्नानं येत न्हाई. ह्या प्रश्नानं माझं डोस्कं फिरतं.

तुमच्या फोटोसमोर बोलून पाह्यलं. जमलं न्हाई. फोटोत तुमी टोपी घालून बसले. जन्मात कधी टोपी घातली न्हाई तुमी, कोण्या लग्नात कोणाची तरी उसनी घेऊन घातली आन् नेमका तेवढाच फोटो निघाला. त्या टोपीवाल्या माणसाशी मी काय बोलू? म्हणून दुकानात येऊन बसले. सातवी शिकलेली बाई हाय मी, लिहिता येतं. ऐरणीवर कागद ठेवला, भट्टी इझलेली हाय, आन् तुमाला लिहून राहिले. आपलं एक भांडण अर्धं राह्यलंय. ते पायडलचं.

लगीन होऊन जवळ्याला आले तवा दुसऱ्याच दिवशी तुमच्या आईनं माझ्या हातात घण दिला व्हता. आपल्या लोहारात तसंच. बाप्या सांडशीत लोखंड धरतो, बाई घण मारती. तुमी डाव्या हातात सांडशी, उजव्या हातात बारकी हातोडी घेऊन बसायचे. हातोडीची टिचकी फाळावर जिथं पडली तिथं मी घण घालायचा. हातोडी नुसत्या ऐरणीवर वाजली की थांबायचं. बोलणं न्हाई, चालणं न्हाई. नवी नवरी मी, घरात तुमच्याशी तोंड वर करून बोलायची सोय नव्हती, आन् दुकानात दिवसभर टिचकीवर टिचकी. बाया विचारायच्या, काय बोलतो गं तुझा नवरा? मी म्हणायची, टिक टिक टिक, ठण्ण. बस, येवढंच बोलतो.

सांडशी मात्र मला कोणी धरू दिली न्हाई. बाईनं सांडशी धरली की लोखंड रुसतं, असं तुमच्या आई म्हणायच्या. मी एकदा विचारलं, "आन् बाईनं घण मारला तर रुसत न्हाई का वो?" तुमी तोंड भट्टीकडं फिरवलं. हसत व्हते, खांदे हालत व्हते, मला दिसलं व्हतं.

मग माझा खांदा गेला. एकदम न्हाई गेला, हळूहळू. घण उचलायला जमायचा, पण हात डोस्क्याच्या मागं जाईना. वेणी घालता येईना. मी पदर डोईवर घट्ट घ्यायची आन् केस तसेच गुंडाळून ठेवायची, कोणाला कळू द्यायचं न्हाई म्हणून. तुमी कधी काही विचारलं न्हाई. एक दिवस जालन्याला जाऊन येतो म्हणले आन् गेले. आले ते ट्रकमधी बसून, आन् ट्रकमधी ते काळंकुट्ट धूड. गंजून तांबडं झालेलं, अंगावर कबुतराची घाण. मी म्हणलं, "हे काय मढं उचलून आणलं?" तुमी म्हणले, "हवेचा घण हाय. एक कारखाना बंद पडला, हा भंगारात चालला व्हता. जीव तुटला, म्हणून आणला."

जीव तुटला! गावाला तेच सांगितलं, भावाला तेच, मलाबी तेच. माझ्या खांद्याचं नाव तुमी शेवटपर्यंत घेतलं न्हाई. पण ट्रक दारात उभा राह्यला त्या सांजंला तुमी ऐरणीजवळचा माझा घण उचलला आन् पार मागं, कोळशाच्या पोत्याआड नेऊन ठेवला. मला समजलं. मीबी काही बोलले न्हाई. अवो, दोघंबी मुके, कोणी बोलायचं?

त्या मढ्यात जीव घालायला तुमी जे केलं ते मी कधी इसरणार न्हाई. आतला दट्ट्या गंजून नळकांड्याला असा चिकटलेला की देवानं वेल्डिंग केल्यागत. रोज डिझेल ओतायचं, रोज बाभळीचा ठोकळा वर ठेवून ठोकायचं. हालंना. तुमी म्हणायचे, "हालंल." मी म्हणायची, "तुमी हालाल, ते न्हाई हालणार." आन् एका दुपारी मी भाकरी घेऊन आले तर तो दट्ट्या बोटभर सरकलेला, आन् तुमी खाली मातीत बसून एकटेच टाळ्या वाजवून राहिले. लहान लेकरागत. मी भाकरी ठेवली आन् मीबी वाजवल्या.

परभणीच्या लेथवाल्याकडून दट्ट्याच्या रिंगा करून आणल्या, त्या जास्त घट्ट झाल्या. पुन्हा गेले. मग दुकानाच्या जमिनीवरनं आपलं भांडण. मी म्हणलं, सिमेट टाका आन् ठेवा वर. तुमी म्हणले, आपली काळी माती उन्हाळ्यात फाटती, पावसाळ्यात फुगती, वरचं सिमेट बिस्किटागत तुटून जाईल. मुरूम लागंस्तोर खांदत गेले. कमरेइतके खाली गेले तरी मुरूम लागंना, वरून मी विचारायची, "मिस्तरी, पाणी लागलं का?" खालून शिव्या यायच्या. मुरूम लागला, त्याच्यावर बाभळीचे ओंडके रचले, आन् ओंडक्यावर घणाची ऐरण. तुमचं बराबर निघालं. आजबी ती रेसभर हाललेली न्हाई. हे मी तेव्हा म्हणले नव्हते, आता म्हणते.

आन् ती उदबत्ती! हवा कुठून गळती ते बघायला तुमी जोडाजोडाजवळ उदबत्ती फिरवायचे, धूर वाकडा झाला की तिथं खडूची खूण. बाजारच्या दिवशी बाया येता-जाता बघायच्या, तुमी घणाभवती उदबत्ती घेऊन फिरून राहिलेले. त्या हात जोडायच्या. एकीनं तर नारळ आणला. तुमी नारळ घेतला, फोडला, खोबरं वाटलं आन् पुन्हा उदबत्ती घेऊन गळती हुडकायला लागले. हसू-हसू माझं पोट दुखलं व्हतं त्या दिवशी.

सगळं जोडून झालं आन् मग पायडल. हितं आपलं बिनसलं.

त्या घणाला पायडल म्हणून खालून दोन्हीकडनं लोखंडी पट्टी व्हती, पार वळसा घालून आलेली. माणूस कुठंबी उभा राहो, पाय ठेवला की घण चालू. एकटा माणूस हातात सांडशी धरून पायानंच घण मारू शकला पायजे, त्याच्यासाठीच ती तशी केलेली. तुमी काय केलं? उजवीकडची पट्टी कापून टाकली. डावीकडची लांब केली. तुमी उजवीकडं सांडशी घेऊन उभे राहणार, आन् मी डावीकडं, समोरासमोर, पायडलवर. जशी ऐरणीवर उभी राहत व्हते तशीच.

मी म्हणलं, "काहून वो? चांगलं व्हतं ते काहून कापलं?"

"तुझ्या पायाचा अंदाज चांगला हाय. हलका कुठं, जड कुठं, तुला कळतं."

"तुमाला कळत न्हाई?"

"मला सांडशीकडं बघावं लागतं."

"सगळ्या दुनियेतले लोहार सांडशीकडं बघत-बघत पायडल दाबतात. तुमचंच काय निराळं?"

गप. तुमचं ते गप बसणं! भिंतीला बोललेलं बरं. मी पुन्हा म्हणलं, "उद्या मला ताप आला तर? पोरीकडं गेले तर? एक जण नसला तर घण चालायचा कसा?" तुमी पाना खाली ठेवला आन् म्हणले, "एक नसला की दुकान बंद."

असं कोणी बोलतं का? मला इतका राग आला की मी दोन दिवस तुमाला भाकरी वाढली आन् समोर बसले न्हाई. पण तिसऱ्या दिवशी लाईट आली, मोटार चालू झाली, तुमी वरच्या आन् खालच्या ठोकळ्यामधी लाकूड ठेवलं, घण गरम होऊ द्यायला, आन् मला म्हणले, "ये." मी पायडलवर पाय ठेवला. आधी नुसतं भुस्स झालं. मग थोडं दाबलं, आन् धाड! दुकान हाललं, पत्रे हालले, समोरून चहावाला वरडत आला. माझा पाय नुसता टेकलेला, खांद्याला काही म्हणजे काही न्हाई. मी तुमच्याकडं पाह्यलं. मला राग गेल्याचं दाखवायचं नव्हतं, पण तोंडावरचं कुठं लपतं?

येईल त्याला तुमी मग सांगायचे, "हे बघा, एका नळकांड्यात दट्ट्या वर-खाली व्हतो, भाताच समजा. त्याची हवा शेजारच्या नळकांड्यात जाती आन् तिथला जड ठोकळा उचलून आपटती. पायडल दाबाल तेवढा जोर." लोक विचारायचे, मग मिस्तरी, पायडल त्या बाजूला कसं? तुमी सांगायचे, "ते तसंच असतं." खोटं! कुठंच तसं नसतं. मी समोर उभी राहून ऐकायची.

घणाच्या आवाजात हातोडीची टिचकी ऐकू येईना, म्हणून आपली नवी भाषा झाली. तुमी मान वर केली की मी जोर वाढवायचा. मान खाली घातली की पाय काढायचा. ट्रकच्या कमानीचे पाटे तापवून आपण वखराच्या धारेच्या पासा केल्या, ट्रॅक्टरच्या नांगराचे झिजलेले फाळ वढून पुन्हा टोकदार केले, कुऱ्हाडी केल्या. औंढ्याकडचे, वसमतकडचे लोक गाडीला फाळ बांधून यायला लागले. रेडिमेड फाळ घेणारे पुन्हा आपल्याकडं वळले. आन् दर सालाला कधी ना कधी मी ते पायडलचं काढायची. एकदा मला खरंच ताप आला, तुमी खरंच दुकान बंद ठेवलं, माझ्या उशाशी येऊन बसले आन् मी तापात म्हणलं, "उजवीकडनं पट्टी जोडा." तुमी कपाळावरची पट्टी बदलली. म्हणले, "जोडली."

असं हे भांडण. ते मिटवायच्या आधी तुमी गेले. बसल्या जागी, कोळसा निवडता निवडता, एक शब्द न बोलता. बोलायची सवयच नव्हती म्हणा.

आन् तुमी गेले त्या दिवशी तुमचं म्हणणं खरं झालं. दुकान बंद. सांडशीची बाजू रिकामी, मी एकटी डावीकडं. तेरा दिवस मी ते कुलूप बघितलं. माहेरचा लोहार आणून ठेवावा, तर लोक काय म्हणतील. पोरीकडं जाऊन बसावं, तर तिच्या सासूच्या हाताखाली भाजी निवडत मरावं? मी घणाखालची बाई हाय वो. मला दुसरं काही येत न्हाई आन् शिकायचंबी न्हाई. घण गेला की मी गेले, हे भावजीला कळत न्हाई, तुमाला कळलं असतं.

तर ऐका, परवा काय झालं.

तो कनेरगाव नाक्याचा पाव्हणा आला. तोंडात खर्रा, पायात पांढरे बूट. घणाभवती एक चक्कर मारली, दट्ट्या बघितला, ऐरण बघितली, म्हणला, "माल चांगला हाय. पण चालवून दाखवा." सकाळची लाईट व्हती. भावजींनी भट्टी पेटवली आन् माझ्याआधी सांडशी उचलली. बाप्या ना. मी डावीकडं माझ्या जागी गेले. भावजींनी लोखंड धरलं, तेबी वाकडं. मी पाय टेकवला न टेकवला तोच ते लोखंड उडालं, सांडशी एकीकडं, भावजी एकीकडं, पाव्हणा त्याचे बूट घेऊन दाराबाहेर. भावजी वसमतला दिवसभर गेटाच्या जाळ्या वेल्डिंगनं जोडतात. तापलेलं लोखंड लहानपणीच सुटलंय त्याईचं.

मी म्हणलं, "भावजी, तुमी या पायडलवर."

"आन् सांडशी?"

"मी धरते."

"वहिनी, बाईनं सांडशी..."

"आई न्हाईत आता वरडायला. आन् असत्या तर त्यास्नी मीच सांगितलं असतं. व्हा तिकडं."

अवो, मी तुमची सांडशी धरली. किती गुळगुळीत झाली हाय ती दांडी, तुमच्या हाताच्या मापाची, माझ्या बोटाला मोठी. पाटा तापवला, ऐरणीवर सपाट टेकवला. तुमी कसा टेकवायचे ते मी समोरून इतकी वर्षं बघितलंय. टेकला. लोखंड काही रुसलं न्हाई. भावजींनी पायडल दाबलं, घण पडायला लागला, टोक निघायला लागलं. चांगलं निघत व्हतं वो! मग जेवढं पायजे तेवढं झालं आन् मी मान खाली घातली.

भावजी दाबतच राहिले.

मी पुन्हा मान खाली घातली. त्यास्नी वाटलं वहिनी लोखंड वाकून बघून राहिल्या. घण धाड धाड पडतोय, टोक पापडागत पातळ व्हतंय, माझं मनगट हादरून राह्यलं आन् मी मान खाली घालतेय, वर करतेय, पुन्हा खाली. शेवटी वरडले, "पाय काढा!" तवा कुठं काढला. "मग सांगायचं ना!" म्हणले. मी काय सांगू त्यास्नी? मी सांगितलंच व्हतं. ज्याला कळायचं तो गेला.

पाव्हणा दारात उभं राहून हसत व्हता. म्हणला, "मावशी, लोखंड एकाच्या हातात आन् पाय दुसऱ्याचा, असा घण मी कुठंच पाह्यला न्हाई. पायडल चुकीचं बसवलंय कोणी तरी. मी नेला की पयलं तेच नीट करणार."

चुकीचं बसवलंय कोणी तरी! तोंडात खर्रा धरून! मीच ते चुकीचं हाय म्हणून इतकी वर्षं तुमच्याशी भांडले, पण दुसऱ्यानं म्हणलं तर माझ्या अंगाची लाही झाली. मी म्हणलं, "नीट मी करते. तुमी तकलीफ घेऊ नका. घण द्यायचा न्हाई."

"वहिनी, मी शब्द दिलाय," भावजी म्हणले.

"शब्द तुमचा हाय, घण माझा हाय. त्यास्नी चहा पाजा आन् कनेरगावला पाठवा."

भावजी रागानं गेले. पाव्हण्याला गाडीवर घालून, माझ्याकडं न बघता. मी दुकानात बसून राहिले. मनात म्हणलं, झालं, दीरबी गेला. आन् काल सकाळी बघते तर भावजी दारात, टेंपोतून वेल्डिंग मशीन उतरवून राहिलेले. तोंड फुगलेलंच. "तुमच्या हातचं वेल्डिंग कच्चं राहील," म्हणले. "कुठून जोडायचं ते दाखवा फक्त." दादा जिवंत असतानाच हे करून घ्यायला पायजे व्हतं, असं काहीतरी पुटपुटत व्हते. मी म्हणलं, "तुमच्या दादाला सांगून बघायचं व्हतं तुमी." तवा ते हसले. मग हसता हसता तोंड फिरवलं, आन् खांदे हालले, पण ते हसण्यानं न्हाई. तुमी दोघं भाऊ पाठमोरे सारखेच दिसता.

तुमी कापलेली पट्टी कुठं हाय ते मला ठाऊक व्हतं. दुकानाच्या दाराचा अडसर केला व्हता तिचा. ती काढली, जराशी वाकवली, उजव्या बाजूला जोडली. भावजींनी विचारलं, "डावीकडची काढू का आता?" मी म्हणलं, राहू द्या.

आज बाजार. जवळ्याचा बाजार कसा असतो तुमाला सांगायला नको. सोयाबीनच्या आधीची वखरणी चालू हाय, लोकाईला पासा पायजेत, फाळ पायजेत, आन् तुमी गेल्यापासून सगळे नुसते कुलूप बघून परत जात व्हते. सकाळी मी कुलूप काढलं. हट्ट्याचे ते म्हातारे मामा, जे तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातचा फाळ घेत न्हाईत, ते दारातच बसले व्हते. माझ्याकडं बघितलं, आत बघितलं. म्हणले, "कोण करणार, बाई?" मी म्हणलं, "बसा. बघा."

लाकूड ठेवून घण गरम केला, तुमच्यागतच. तुमच्या जागी उभी राहिले. उजव्या पायाखाली पट्टी, हातात सांडशी, घणावर हुकूम चालवणारी मीच, ऐकणारीबी मीच. पहिला फाळ बिघडला, खोटं काहून सांगू. पाय आधी गेला, हात मागं राह्यला, टोक एका बाजूला मुरडलं. मामा तंबाखू मळत बसले. मी दुसरा तापवला. ह्या बारीला हात आन् पाय बरोबर चालले. हलका, हलका, मग जड, मग टोकाला अगदी हलका, नुसती हवा फुसफुसंल इतका. टोक सरळ निघालं. मी पाय काढला, आन् मान वर करून समोर बघितलं. सवयच ती, काम झालं की समोर बघायची.

समोर माझी जागा.

भट्टी आता माझ्या पाठीशी व्हती, जशी सगळी वर्षं तुमच्या पाठीशी असायची. आन् तिचा सगळा उजेड समोर, माझ्या जागेवर पडलेला. भिंतीतली वीट न् वीट दिसत व्हती, जमिनीवर माझ्या टाचेनं पाडलेला खळगा दिसत व्हता. मी तिथं उभं राहून तुमाला बघायची तवा उजेड तुमच्या मागं, तुमी नुसता काळा आकार. मान वर, मान खाली. तुमचं तोंड मला कामात कधी धड दिसलं न्हाई. मी समजत व्हते, तुमालाबी मी तशीच दिसत आसंन, काळी, अर्धीमुर्धी, पायडलवरचा एक पाय. न्हाई वो. तुमाला मी सगळी दिसत व्हते. कपाळाचा घाम, घामात वघळलेलं कुंकू, तुमच्यावर रागावलेली असले तर दाबून धरलेले व्हट, सगळं. रोजच्या रोज.

म्हणून कापलं व्हय पायडल?

येवढंच व्हतं तर तोंडानं सांगायचं ना. दर सालाला मी भांडले, तापात भांडले, तुमी पाना फिरवत बसले. सांगितलं असतं तर मी लाजले असते, तुमाला येडं म्हणले असते, आन् उभी राहिले असते की गपचूप, कुठं जात व्हते? आन् मग तुमच्यामागं मला ही पट्टी जोडावीच लागली असती, ती मी जोडलीच असती. त्याला तुमी काही म्हणू नका.

पोटातून हुंदका आला. पण फाळ अजून लाल व्हता, आन् त्याच्या कडा सारख्या करायच्या राहिल्या व्हत्या, आन् थंड झाला की त्याला पुन्हा तापवावं लागलं असतं. मी पाय ठेवला. कडा पुऱ्या केल्या, टोकाला पाणी दिलं, मामाच्या पुढ्यात टाकला. त्यास्नी उचलला, टोकावर अंगठा फिरवला आन् पिशवीतून दुसरा झिजलेला काढून माझ्यापुढं ठेवला. मग मी सांडशी खाली ठेवली आन् तिथंच बसून रडले, मोठ्यानं, घण बंद करून. बाहेर चार-दोन गिऱ्हाईकं येऊन थांबली व्हती. थांबू दिली.